आईने न उचललेला बेलभंडारा

दादाच्या गळ्यात पक्षाचा गमछा पहिल्यांदा पडला तेव्हा तो बारावीत होता. तेव्हापासून तो गमछा धुवायला टाकायचं म्हटलं तरी त्याच्या जिवावर यायचं. लग्नाला तोच गमछा, मयतीला तोच. सिरसाळ्याला सभा असो की पाटोद्याला, हा स्वतःच्या गाडीत स्वतःचं पेट्रोल घालून जाणार, खुर्च्या मांडणार, सतरंज्या गोळा करणार आणि घरी येऊन सांगणार, "आज साहेबानं माझ्याकडं बघून मान हलवली." मी म्हणायची, "मान दुखत असंल त्यांची." मग आमची जुंपायची. मी तालुक्याच्या गावी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर लोकांना सुया टोचून माझ्या जिभेलाही टोक आलंय, असं दादाचं मत होतं.

साहेब म्हणजे आमच्या भागातले पक्षाचे पुढारी. तिकीट कुणाला द्यायचं आणि कुणाचं कापायचं, हे त्यांच्या शेतातल्या बंगल्यावर ठरतं. पंचायत समितीची निवडणूक लागली आणि आमचा गण, म्हणजे आमच्यासह आसपासच्या गावांचा मतदारसंघ, अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव सुटला. साहेबांना ऐकणारी बाई हवी होती. दादा इतका ऐकणारा, तर त्याची आईही तशीच असणार, असा त्यांनी हिशेब केला. आईला ओळखणाऱ्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने साहेबांना आधीच सावध केलं असतं. वडील गेल्यावर तिने लोकांचा कापूस वेचून आम्हाला शिकवलं, वस्तीतल्या बायांचा बचत गट चालवला, आणि या सगळ्यात ती एकाच माणसाचं ऐकत आली होती. ते माणूस म्हणजे ती स्वतः.

तरी ती उभी राहिली. दादासाठी राहिली, हे खरं. पण एकदा प्रचाराला निघाली आणि तिचं तिलाच बळ आलं. उसाच्या फडात जाऊन मत मागायची, कापसाच्या सरीत वाकून बोंडं तोडता तोडता मत मागायची. लोकांनी चिन्हाला मत दिलं आणि थोडं आईलाही. त्या महिन्यात आमच्या गणात कुणाचं डोकं फुटलं नाही असा आठवडा गेला नाही. बॅनर फाडला म्हणून एकाच्या पाठीत सोड्याची बाटली घातली, चौकात गाडी आडवी लावली म्हणून दोन सख्ख्या चुलतभावांनी एकमेकांचे कान फाडले. लॅबमध्ये दोन्ही पक्षांची पोरं यायची. बाकावर शेजारी शेजारी बसून हात पुढे करायची आणि एकमेकांकडे बघून दात खायची. माझ्याकडच्या नळ्यांत सगळ्यांचं रक्त सारखंच लाल दिसायचं, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

निकाल लागला. आठ जागांपैकी पाच आमच्या पक्षाच्या, तीन समोरच्यांच्या. सभापतिपद साहेबांच्या सुनेला मिळणार, हे मतमोजणी चालू असतानाच ठरलं होतं. पण पाचातला एक फुटला तर बरोबरी, दोन फुटले तर खेळ खलास. म्हणून साहेबांनी ठरवलं, की सदस्यांना घेऊन सहलीला जायचं, मोबाईल काढून घ्यायचे आणि मतदानाच्या दिवशी थेट पंचायत समितीच्या दारात आणून उतरवायचं. ही सहल आमच्याकडे सगळेच पक्ष काढतात. बायका-पोरांना महाबळेश्वर बघायला मिळतं, हेच त्यातलं पुण्यकर्म.

सहलीच्या आधी बंगल्यावर शपथ होती. पक्षाने व्हीप काढला होताच. पण व्हीप मोडणाऱ्याचं सदस्यत्व रद्द व्हायला कचेऱ्यांत चपला झिजवाव्या लागतात आणि तोवर मुदत संपून जाते. बेलभंडारा तसा नाही. ताटात बेलाचं पान, त्यावर हळदीचा भंडारा. तो उचलायचा, कपाळाला लावायचा आणि म्हणायचं, की मी फुटलो तर माझं वाटोळं होवो. ज्याने तो उचलला, तो रात्री घाबरून उठतो. साहेबांचा व्हीपपेक्षा बेलभंडाऱ्यावर भरवसा होता.

आईसोबत मी गेले. दादा आमच्या आधीच तिथे जाऊन खुर्च्या मांडत होता. दिवाणखान्यात साहेब, त्यांचा मुलगा, पाचही सदस्य आणि दाराशी दंडात बेटकुळ्या आलेली चार-दोन पोरं. साहेबांच्या सुनेने डोक्यावर पदर घेऊन आधी बेलभंडारा उचलला. स्वतःच्याच निवडीसाठी स्वतः न फुटण्याची शपथ तिने घेतली आणि कुणालाही हसू आलं नाही. मग एका सदस्याने असा काही भंडारा उचलला की मूठभर हळद कपाळाला फासली, गळ्याला फासली, "साहेब, फुटलो तर माझ्या वंशाला दिवा ऱ्हानार न्हाई," म्हणाला आणि रडला. बाजारात फळांचा गाडा असलेल्या मुसलमान सदस्याने हात वर करून अल्लाची कसम घेतली. त्याला ताट दाखवण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही. मग ताट आईसमोर आलं.

आईने ताटाकडे बघितलं, मग साहेबांकडे. सगळे त्यांना साहेब म्हणत, ती मात्र भाऊ म्हणायची.

"भाऊ, हे आमच्यात चालत न्हाई."

"कावून?"

"छपन्न सालीच आमच्या आजेसासऱ्यानं देव टोपल्यात भरले आन् नदीत सोडले. त्याच देवाची आन मी घेतली, तर तुमचाच घाटा हाय. आमच्यावर त्याचा वचक न्हाई. मी फुटले तर तो माझं काय वाकडं करनार?"

मला हसू आवरेना. दादाने माझ्याकडे असं बघितलं की मी ओठ चावला. खरं तर ती किती सरळ बोलत होती. खोटी शपथ घेणं तिला जड नव्हतं, पण या माणसाची फसवणूक होईल हे ती त्यालाच समजावून सांगत होती.

साहेब चपापले. मग त्यांच्या मुलाच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, तो उठून आत गेला आणि बाबासाहेबांचा फोटो घेऊन आला. ऑफिसच्या खोलीत जयंतीपुरता लावलेला असणार; त्यावरची धूळ त्याने बाहीने पुसली आणि फोटो टीपॉयवर आडवा ठेवला. आई उठून उभी राहिली. फोटोला दोन्ही हात जोडले. फोटो सरळ केला, भिंतीला टेकवून उभा ठेवला आणि मग म्हणाली, "ह्यांना ह्याच्यात आनू नका. जिथून आनला तिथं लावा."

"मग तुमच्यावर आमी भरवसा ठेवायचा तरी कशाच्या जोरावर?" साहेब म्हणाले. आवाज अजून गोड होता.

"मी शब्द देते. चिन्हावर निवडून आले, चिन्हालाच हात वर करीन."

"शब्द तर सगळेच देतात, ताई." साहेबांनी दादाकडे बघितलं. "पोराच्या डोक्यावर हात ठेवा. लेकरापरीस मोठं काय असतंय?"

त्यांचं वाक्य संपायच्या आत दादा आईच्या खुर्चीसमोर गुडघ्यावर बसला. मान खाली घातली. मानेवर गमछा, त्याच्यावर उन्हाने काळी पडलेली मान. "ठेव आई," म्हणाला. "काय व्हतंय? आपल्याला कुठं फुटायचंय?"

मला त्या क्षणी दादाचा इतका राग आला की त्याच्या पाठीत लाथ घालावीशी वाटली. एवढा मोठा घोडा झालेला माणूस, कुणीतरी सांगितलं म्हणून स्वतःचं डोकं ताटात वाढतोय.

आईचे हात मांडीवरच होते. ती म्हणाली, "ठेवते. पन आधी तुमी ठेवा, भाऊ. तुमचं पोरगं हितंच बसलंय. त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हना, की पाच वर्सं आमच्या वस्तीकडं पाठ फिरवनार न्हाई. मग मी माझ्या पोराच्या डोक्यावर ठेवते. बराबरीचा सौदा होऊ द्या."

साहेबांचा मुलगा फोनमध्ये बघत होता, तो वर बघायला लागला. साहेबांच्या गालातलं हसू हळूहळू आटलं आणि खालचा चेहरा दिसला. तो चेहरा मी आधी कधी बघितला नव्हता.

"माझ्या पोराला मधी आनायचं न्हाई, बाई." ताईची बाई झाली होती.

"माझंबी पोरगंच हाय," आई म्हणाली.

दाराशी उभ्या पोरांपैकी एक जण पुढे आला. "लई शहानी झाली का बे तुझी माय?" असं त्याने दादाला विचारलं. दादा गुडघ्यावरून उठला आणि त्याने हात जोडले, आईच्या वतीने. मग साहेबांनीच पोराला मागे हटवलं आणि सकाळी गाडी येईल, पिशवी भरून ठेवा, एवढंच बोलले.

वस्तीवर येईपर्यंत आमच्या आधी बातमी पोचली होती. शपथ घेत नाही म्हणजे समोरच्यांचं खाल्लं! जिथे जाऊ तिथे हेच. दुसरा कुठलाच अर्थ कुणाच्या डोक्यात शिरायला तयार नव्हता. ज्याला फुटायचं नाही तो कशाला बेलभंडाऱ्याला भिईल, असं लोक म्हणत होते. आई भीत नव्हती म्हणूनच तिने तो उचलला नाही, हे मी दोघा-चौघांना समजावून बघितलं आणि सोडून दिलं. दादा त्या रात्री जेवला नाही. "तू माझं नाक कापलं," एवढंच आईला म्हणाला.

सकाळी गाडी यायच्या आधी दादा आईसाठी चपला आणायला तेलगावला निघाला. सहलीला जायचं तर तिच्या पायात धड चपला नव्हत्या. राग एकीकडे आणि हे एकीकडे, असा तो होता. चपला घेऊन परत येताना रस्त्यात उसाचा फड लागतो, तिथे तोंडाला रुमाल बांधलेली माणसं उभी होती. त्यांनी आधी गाडीच्या चाकात दांडकं घातलं. दादा पडला, तर त्याला उठून बसू दिलं आणि मग सळयांनी मारलं. नडगीवर मारलं, तिथे हाड बाहेर आलं. डोक्यात मारलं. एकाने त्याच्याच गमछ्याने त्याचा गळा आवळून धरला होता, म्हणजे ओरडता येऊ नये. ऊस भरायला आलेल्या ट्रॅक्टरवाल्याने बघितलं नसतं, तर आमच्या घरी त्या दिवशी मयत होती.

मी पोचले तेव्हा दादाला टेम्पोत घालत होते. रक्त हे माझं रोजचं काम. नळीत किती असतं, किती गेलं तर माणूस पांढरा पडतो, हे मला कळतं. रस्त्यावरच्या फुफाट्यात दादाचं रक्त पडून त्याचा चिखल झाला होता आणि त्या चिखलात बायकी चपलांचा एक जोड उलटा पडला होता. मी तो जोड उचलला. का उचलला माहीत नाही. टेम्पोत बसून मी दादाच्या डोक्याची जखम ओढणीने दाबून धरली आणि ज्यांनी मारलं त्यांच्या सात पिढ्यांना तोंडाला येईल ते बोलत राहिले. बीडला पोचेपर्यंत माझा घसा बसला.

दादा शुद्धीवर आला तसा पोलिसांना म्हणाला, "समोरच्या पक्षाच्या पोरांनी मारलं." तोंडं दिसली का? नाही. आवाज ओळखला का? नाही. पण दुसरं कोण मारणार? त्याने समोरच्या गटातल्या पोरांची नावं घेतली आणि गुन्हा दाखल झाला. साहेब स्वतः दवाखान्यात आले, फळं आणली, फोटो काढला. फोटो गावभर फिरला. आई पलंगाच्या उशाशी बसून होती. सहलीला ती गेली नाही आणि तिला चल म्हणायची त्या दिवशी कुणाची छाती झाली नाही.

तिसऱ्या दिवशी मी कपडे आणायला घरी आले. भर दुपार होती. कुलूप काढून आत गेले आणि पत्र्यावर पहिला दगड पडला. मग दगडांचा पाऊसच. समोरच्या पक्षाची पोरं मोटारसायकली घेऊन आली होती. खोट्या केसमध्ये नावं घालता का, म्हणून ओरडत होती, आईला नको त्या शिव्या देत होती, जातीवर जात होती. खिडकीची काच माझ्या पायाशी येऊन फुटली. अंगणात पळाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, ढीग होता. वर्षभराचं सरपण. त्याला कुणीतरी काडी लावली. पळाट्या तडतडत पेटल्या आणि झळ दारापर्यंत आली.

मी भ्याले का? भ्याले. पण आत बसून राहवलं नाही. मी दार उघडून बाहेर आले आणि ढिगातली एक जळती पळाटी ओढून काढली. वस्तीतल्या बायाही विळे, काठ्या, मुसळं घेऊन धावत आल्या. तशी पोरं गाड्यांवर बसून पळाली, पण एकाची गाडी चालू होईना. मी त्याला पाठीत हाणली. जळत्या टोकाने हाणली. तो गाडीसकट आडवा झाला आणि मी हाणतच राहिले. पाठीवर, दंडावर, जिथे बसेल तिथे. त्याचा शर्ट काळा पडला, मांस भाजल्याचा वास आला, आणि मला सांगायला लाज नाही, मला बरं वाटलं. दादाच्या नडगीतून बाहेर आलेलं हाड माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि प्रत्येक फटक्याला ते थोडं आत जात होतं.

"ताई, ताई!" तो ओरडला. तेव्हा मी त्याला ओळखलं. महिनाभरापूर्वी डेंग्यूची तपासणी करायला आला होता. सुई बघून डोळे मिटून घेतले होते त्याने. "ताई, आमी न्हाई मारलं दादाला! माझ्या मायची आन! ती तुमचीच मान्सं व्हती. आमच्यावर खोटी केस केली म्हनून आलतो फकस्त. मायची आन, ताई!"

माझा हात वरच राहिला. बंगल्यावर ताट फिरवून घेतलेल्या शपथा मी ऐकल्या होत्या. हीही ऐकली. हात भाजलेला, नाकातून शेंबूड आणि रक्त, आणि कुणी न मागता आईची शपथ घेणारं हे पोरगं. मी पळाटी टाकून दिली. बायांनी त्याला आणखी चार ठेवून दिल्या आणि हाकलला.

दवाखान्यात जाऊन मी आईला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. एकदाच विचारलं, "घर ऱ्हायलं का?" मी राहिलं म्हणाले. दादा जागा होता, त्यानेही ऐकलं.

"ते तसंच म्हननार," तो म्हणाला. "मार पडल्यावर कुनी बी कायबी म्हनतंय."

"दादा, त्यानं मागितल्याबिगर आन घेतली."

"साहेब असं करनार न्हाई."

"तुझ्या साहेबाला—"

पुढचं त्याने बोलू दिलं नाही. टेबलावरचा पाण्याचा स्टीलचा तांब्या उचलून त्याने मला फेकून मारला. कपाळाला लागला, पाणी सगळ्या पलंगावर सांडलं. माझ्या भावाने त्याआधी कधी माझ्यावर हात उचलला नव्हता. मी त्याला मारायला धावले आणि आई मधे आली. आमच्या दोघांच्या मधे उभी राहून तिने दोघांनाही एकेक थोबाडीत दिली, आजारी-बिजारी न बघता. मग खाली बसून फरशीवरचं पाणी पदराने पुसायला लागली.

मतदानाच्या आदल्या दिवशी मी तिला विचारलं, "हात कुनाला वर करनार?"

"शब्द दिलाय त्येलाच."

"ह्यांनी दादाला मारलं असंल तरी?"

"मत मी लोकांकडून चिन्हावर मागितलंय. ते लोक काय सळया घेऊन आलते का? पोराचं येगळं हाय. ते मी येगळं बघून घेईन."

मला तिचं पटलं नाही. आजही पुरतं पटत नाही. मी असते तर दोन्ही हात समोरच्यांसाठी वर केले असते, आणि पायही.

दुसऱ्या दिवशी दादाने हट्ट धरला, की मलाही न्या. पाय प्लास्टरमध्ये, डोक्याला पांढरं बँडेज, पण गळ्यात धुतलेला गमछा. साहेबांनी गाडी पाठवली. पंचायत समितीच्या आवारात दोन्हीकडची माणसं, मधे पोलीस. दादाला व्हरांड्याच्या कडेला खुर्चीवर बसवलं आणि मी त्याच्यामागे उभी राहिले. आई जिना चढून सभागृहात गेली. पायात त्याच चपला होत्या. मी त्या घासून धुतल्या होत्या, तरी एका पट्ट्यावर तपकिरी डाग राहिला होता.

सभापतीची निवड हात वर करून होते. आत काय चाललंय ते आम्हाला खिडकीतल्या पोरांच्या ओरडण्यातून कळत होतं. आधी साहेबांच्या सुनेसाठी हात वर झाले. पाच हवे होते, चारच झाले. खालच्या गर्दीतून एकदम आवाज उठला, "बाई फुटली! म्हारडी फुटली!" कुणीतरी माझी वेणी धरून ओढली. दादाच्या खुर्चीला लाथ बसली आणि प्लास्टरचा पाय खाली आदळला. तो जोरात किंचाळला. मी वेणी ओढणाऱ्याच्या मनगटाला चावले आणि तोंडात रक्ताची चव येईपर्यंत सोडलं नाही.

मग वरून दुसरी हाळी आली. आईचा हात वरच होता. पहिल्यापासून वर होता. फुटला होता तो हळद फासून रडलेला सदस्य. वंशाला दिवा राहणार नाही म्हणाला होता, तो. त्याला तिथेच खुर्च्यांनी बडवला. पोलिसांनी त्याला जिन्यावरून खाली आणला तेव्हा त्याच्या अंगात बनियनसुद्धा उरला नव्हता आणि कपाळावर हळदीच्या जागी रक्त होतं. वेणी ओढणारा केव्हाच दुसऱ्या गर्दीत मिसळून त्याला लाथा घालत होता. मला कुणी चुकलं म्हणालं नाही.

चार आणि चार. अधिकाऱ्याने चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठी साहेबांच्या सुनेची निघाली. आईचा हात नसता तर चिठ्ठीची वेळच आली नसती, हे आवारातल्या प्रत्येकाला कळत होतं.

गुलालाची पोती फुटली. हलगी सुरू झाली. साहेब खाली आले तेव्हा नखशिखान्त गुलाबी होते, आणि त्यांच्या मागोमाग आई. साहेब थेट दादाच्या खुर्चीपाशी आले. सगळे फोन वर झाले. "आमचा गैरसमज झालता," साहेब मोठ्याने म्हणाले. "ह्या माउलीनं शब्द राखला. आन् हे पोरगं, हे माझंच पोरगं हाय!" आणि त्यांनी दादाच्या डोक्यावर, बँडेजवर, हात ठेवला. दादाने मान खाली घातली. त्या दिवशी बंगल्यावर घातली होती तशीच. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो आनंदाने रडत होता.

आई पुढे झाली.

"हात काढू नका, भाऊ," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या तिथंच. तुमचंच पोरगं हाय म्हनलात. आता त्याच्या डोक्यावर हात हाय तुमचा. तर म्हना, की ह्याला कुनी मारलं ते मला ठाव न्हाई."

हलगीवाला जवळच होता, त्याने वाजवायचं थांबवलं. साहेब हसले. "ताई, ही काय ती येळ हाय का? आज आनंदाचा दिवस..."

"एकच वाक्य हाय."

साहेबांचा मुलगा बापाच्या शेजारी उभा होता. तो खाली बघत होता. साहेबांनी रुमाल काढण्यासाठी हात उचलला. खिशातून रुमाल काढला, तोंडावरचा गुलाल पुसला, मान पुसली, आणि रुमाल परत खिशात ठेवल्यावर तो हात काही दादाच्या डोक्यावर परत गेला नाही. पांढऱ्या बँडेजवर पाच बोटं तेवढी उमटली होती.

दादाने मान वर केली. ज्या माणसाने एकदा मान हलवली म्हणून तो आठवडाभर खूश असायचा, त्याच्या तोंडाकडे तो बघत होता.

"म्हना की, साहेब," दादा म्हणाला.

कुणीतरी घोषणा दिली, हलगी पुन्हा कडाडली आणि पोरांनी साहेबांना खांद्यावर उचललं.

"म्हना की," दादा पुन्हा म्हणाला, पण तोवर ते फाटकापाशी पोचले होते.